दहा रुपयांची शिवभोजन थाळी: जेवण कसं आहे, आणि वरचे चाळीस कोण भरतं

सोलापुरात एसटी स्टँडच्या परिसरात राज्य सरकारच्या शिवभोजन योजनेचं एक केंद्र आहे. माझे दीर सरकारी दवाखान्यात दाखल होते तेव्हा मी दुपारी तिथे जेवायचे. नंतरही, कामाच्या निमित्ताने त्या बाजूला गेले की गर्दी ओसरल्यावर डोकावते आणि थाळ्या शिल्लक असतील तरच बसते. केंद्राचं नाव इथे देत नाही. चांगल्याबरोबर खटकलेलंही लिहायचं आहे, आणि ते चालवणाऱ्या बचत गटाच्या बायांना त्यापायी कोणी हटकायला नको.

आधी जेवण. सरकारने ठरवलेलं माप असं: ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात, १०० ग्रॅम वरण. गिऱ्हाइकाने द्यायचे १० रुपये. चपात्या घरच्यापेक्षा जाड असतात, पण नीट भाजलेल्या. कडा कच्च्या राहिलेल्या मला कधी मिळाल्या नाहीत. वरण पातळ, तरी फोडणीत हिंग आणि कढीपत्ता असतो, आणि रांगेत उभं असतानाच त्याचा वास येतो. भात जाड तांदळाचा, मऊ शिजवलेला. भाजीचं मात्र वाराप्रमाणे बदलतं. कोबी-बटाटा असला तर त्यात कोबीच जास्त आणि चवीला बेताचा. मटकीची उसळ असली तर तो दिवस चांगला. वांग्याला शेंगदाण्याचं कूट लावलेलं असलं तर मग काही बोलायलाच नको, कारण ती भाजी दहा रुपयांच्या हिशोबाने केलेली वाटत नाही. टेबलावर शेंगाचटणीची बरणी असते. सरकारी मापात ती कुठेही नाही, बायांनी स्वतःहून ठेवलेली आहे. सोलापुरात चटणीशिवाय माणसाला जेवायला कसं बसवायचं, असं त्यातली एक बाई मला म्हणाली.

स्वच्छता ठीक. ताटं स्टीलची, धुतलेली असतात, कधीकधी ओली. हात धुवायला नळ एकच, त्यामुळे तिथे गर्दी होते. बसायला लोखंडी बाकं. पंखा आहे, पण एप्रिल-मेमध्ये सोलापूरच्या उन्हात पत्र्याखाली त्या पंख्याचं काही चालत नाही.

आता समोर कोण बसतं ते सांगते, कारण त्याशिवाय या थाळीबद्दल लिहिण्यात अर्थ नाही. मार्केट यार्डातले हमाल. अक्कलकोट, मंगळवेढा, बार्शीकडून पेशंट घेऊन आलेले नातेवाईक, हातात एक्स-रेचं मोठं पाकीट. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं काखेत धरलेली मुलं. विडीच्या कारखान्यात माल देऊन परतणाऱ्या बायका. ज्यांच्याकडे पाहून घरी कोणी आहे की नाही असा प्रश्न पडतो, अशी म्हातारी माणसं. कोणालाही उत्पन्नाचा दाखला विचारत नाहीत. रेशनकार्ड पिवळं की केशरी, कोणी पाहत नाही. दहा रुपये ठेवायचे आणि ताट घ्यायचं.

एकदा माझ्या शेजारच्या बाकावरचे आजोबा भाताचा घास हातात घेऊन उठले आणि काउंटरवर गेले. ‘‘बाई, भात कच्चा लागतोय,’’ म्हणाले. बाईने शितं बोटाने दाबून पाहिली, ताट परत घेतलं, दुसऱ्या पातेल्यातला भात वाढला आणि ‘‘बसा बाबा, घाईघाईत उतरवला’’ म्हणाली. आजोबा परत येऊन जेवले. मला त्या आजोबांचं फार बरं वाटलं. दहाची नोट दिलेली असल्याने तक्रार करायला त्यांची जीभ अडखळली नाही. मी कितीतरी पंगतींना बसले आहे आणि वाढलंही आहे, पण फुकटच्या पंगतीत भात कच्चा आहे असं म्हणणारा माणूस मी पाहिलेला नाही. तिथे माणूस कच्चा भात गुपचूप गिळतो.

आता वरच्या चाळीस रुपयांकडे वळते. शहरी केंद्राला एका थाळीमागे ५० रुपये धरले आहेत. दहा गिऱ्हाईक देतं, चाळीस राज्य सरकार देतं. ग्रामीण भागात थाळी ३५ ला धरली आहे, म्हणजे सरकारचे २५. योजना २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली. ते चाळीस करातून येतात. माझं रोजचं काम पगारपत्रकं करण्याचं आहे, म्हणून कर म्हटलं की माझ्यासमोर एक ठरावीक रकाना येतो: व्यवसाय कर. महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २,५०० झाले, कारण राज्यघटनेने या कराला तेवढीच मर्यादा घातली आहे. २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना २०२३ पासून तो माफ आहे. दर फेब्रुवारीत कोणीतरी माझ्या टेबलाशी येतंच: मॅडम, या महिन्यात शंभर जास्त का कापले?

मी त्यांना कारण सांगते, आणि त्याबरोबर हा कर मुळात कशासाठी आला तेही सांगते. बऱ्याच जणांना ते माहीत नसतं. १९६५ मध्ये विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या विसापूरला एक प्रयोग झाला: गावात ज्याला काम हवं त्याला सरकारने काम द्यायचं. पुढे ७२ चा दुष्काळ पडला आणि ती कल्पना अख्ख्या राज्याची गरज झाली. मग पैसा कुठून आणायचा? १९७५ मध्ये महाराष्ट्राने व्यवसाय कराचा कायदा केला, तो रोजगार हमीसाठी पैसा उभा करायला. शहरातल्या पगारदाराच्या पगारातून कापायचं आणि दुष्काळी गावातल्या माणसाला कामाची मजुरी द्यायची, असा तो सरळ व्यवहार होता. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदाच झाला. देशाला असा कायदा मिळायला २००५ उजाडलं.

माझ्या सासूबाई ७२ मध्ये खडी फोडायला जात. कामावर सुकडी मिळायची, ती पदरात बांधून त्या घरी पोरांसाठी आणायच्या. त्या दिवसांबद्दल त्या बोलतात तेव्हा उन्हाबद्दल बोलतात, हाताच्या फोडांबद्दल बोलतात, पण लाजल्यासारख्या कधी बोलत नाहीत. ‘‘मस्टरवर नाव होतं आमचं,’’ असं म्हणतात. त्याच वर्षी गावातल्या एका मोठ्या घरातून ज्वारी वाटली होती. ती आणायला मात्र सासूबाई स्वतः गेल्या नाहीत, धाकट्या जावेला पाठवलं. ते घर चांगलंच होतं, वाटणाऱ्यांचा हेतूही चांगला होता. पण त्या घरचं कार्य निघालं की आमच्याकडच्या बायकांनी भांडी घासायला जायचं, हे नंतर कितीतरी वर्षं न सांगता ठरलेलं होतं.

म्हणून थाळीबद्दल लिहिताना मला अन्नछत्राबद्दलही लिहायचं आहे, आणि तेही आदराने. अक्कलकोट आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर. तिथल्या स्वामी समर्थ अन्नछत्र मंडळाचं काम १९८८ पासून चालू आहे आणि ते भक्तांच्या देणग्यांवर चालतं. तिथे जेवण शिवभोजनापेक्षा चांगलं मिळतं, हे सरळ सांगते. पोळी मऊ, वरण दाट, गोड काहीतरी असतंच, आणि वाढणारा पुन्हा पुन्हा येऊन विचारतो. माप नाही. जेवणाऱ्याचा फोटो नाही. सेवेकऱ्यांच्या वागण्यात असा जिव्हाळा की सरकारी पगारावर तो विकत मिळणार नाही. शेगावला, शिर्डीला, नांदेडच्या गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये जेवलेल्यांनाही असाच अनुभव असेल. दानाने माणसाच्या हातून काय घडू शकतं ते पाहायचं असेल तर अशा एखाद्या स्वयंपाकघरात उभं राहावं.

पण अक्कलकोटची ती पंगत अक्कलकोटलाच आहे. देणगी श्रद्धेमागे जाते, आणि श्रद्धा असते तिथे अन्न असतं. भूक मात्र मार्केट यार्डात असते, दवाखान्याच्या आवारात असते, करमाळ्याच्या एसटी स्टँडवर असते. तिथे देणगीदार पोहोचत नाही असं नाही, पण तो त्याच्या सवडीने पोहोचतो. दीर दवाखान्यात असताना मी हे रोज पाहत होते. एखाद्या पुढाऱ्याचा वाढदिवस आला की फळवाटप. केळी, बिस्किटाचे पुडे, मागे फ्लेक्स, समोर कॅमेरा. एकाच सकाळी तीन वेगवेगळ्या गटांनी केळी वाटली आणि संध्याकाळी कॉटखाली सालींचा ढीग झाला. नंतरचा अख्खा आठवडा कोणी फिरकलं नाही. शेजारच्या कॉटवरच्या मुलाला डॉक्टरांनी अंडी आणि दूध सांगितलं होतं. त्याच्या वाट्याला केळी आली, कारण वाटणाऱ्यांनी केळी आणली होती.

माझ्या भावाचं यावर ठाम म्हणणं आहे. तो पुण्यात नोकरी करतो, दरवर्षी संस्थांना मनापासून देणगी देतो. सरकार मधल्यामध्ये खातं, मी स्वतः दिलं तर ते पोहोचतं तरी, असं तो म्हणतो. त्याचा राग मला समजतो. सरकारी पैसा गळतो हे मी नाकारत नाही. पण त्याला मी एकदा हिशोब मांडून दाखवला. जुन्या करप्रणालीत असताना तो आयकर कायद्याच्या ८०जी कलमाखाली देणगीवरची सवलत घ्यायचा. बहुतेक संस्थांना दिलेल्या देणगीच्या निम्मी रक्कम उत्पन्नातून वजा होते. दहा हजार दिले तर पाच हजार वजा, आणि तो ३० टक्क्यांच्या टप्प्यात, म्हणजे दीड हजारांचा कर वाचला. मग त्या दहा हजारांतले दीड हजार कोणाचे? सरकारी तिजोरीचे, म्हणजे सगळ्यांचे. कुठे द्यायचे ते त्याने एकट्याने ठरवलं, एवढाच फरक. यात त्याने काही वावगं केलं असं माझं म्हणणं नाही. पण खाजगी दान पूर्ण खाजगी असतं आणि सरकारी मदत तेवढी दुसऱ्यांच्या पैशाची, असं कोणी म्हणालं की मला हा हिशोब आठवतो.

आणि दुसऱ्यांचा पैसा म्हणजे तरी कोणाचा? थाळीवर बसलेली विडी कामगार बाई साबण घेते, टूथपेस्ट घेते, पोराला बिस्किटाचा पुडा घेते. प्रत्येकावर जीएसटी भरते. ती वळते त्या विडीवरही कर आहेच. आयकराचा फॉर्म तिने जन्मात पाहिला नसेल, पण त्या चाळीस रुपयांत तिचेही पैसे आहेत. तिला कोणी फुकटी म्हणू नये, आणि तिनेही स्वतःला तसं समजू नये. सोलापूरजवळच्या कुंभारीला विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत आहे, ती केंद्र सरकारच्या, राज्याच्या आणि त्या बायकांच्या स्वतःच्या हिश्शातून उभी राहिली. त्यासाठी मोर्चे काढावे लागले, वर्षानुवर्षं भांडावं लागलं. कितीही मोठा दानशूर असला तरी त्याने दहा हजार घरं बांधली नसती, आणि बांधली असती तर पाटीवर त्याचं नाव असतं.

आमच्या जिल्ह्यातली दामाजीपंतांची गोष्ट घरोघर सांगतात. मंगळवेढ्यात दुष्काळ पडला, माणसं तडफडू लागली, तेव्हा दामाजीपंतांनी बादशहाचं कोठार उघडलं आणि धान्य लुटू दिलं. मग विठोबा विठू महाराच्या रूपात बिदरला जाऊन पैसे भरून आला. लहानपणी ऐकताना माझं सगळं लक्ष विठोबाकडे असायचं. आता पगारपत्रकं करून करून माझं लक्ष कोठाराकडे जातं. त्यातलं धान्य दामाजीपंतांच्या घरचं नव्हतं, बादशहाने नांगर धरून पिकवलेलंही नव्हतं. रयतेने सारा म्हणून घातलेलं धान्य होतं ते. दामाजीपंतांचा मोठेपणा हा की ज्यांचं धान्य त्यांनाच ते वेळेवर दिलं, आणि त्यापायी स्वतःचा जीव पणाला लावला. त्यांना मी मनोमन हात जोडते. पण प्रत्येक दुष्काळात दामाजीपंत नेमणुकीवर असतीलच याची खात्री कोणी द्यायची? कोठाराला नियम हवा. पाऊस पडला नाही तर ते उघडलंच पाहिजे असा.

करोनात हे डोळ्यांसमोर घडलं. मार्च २०२० मध्ये देवळं बंद झाली ती दिवाळीच्या पाडव्यापर्यंत उघडली नाहीत, आणि पुढच्या वर्षी पुन्हा बंद झाली. मंदिरांच्या पंगती थांबल्या. बऱ्याच संस्थानांनी, मंडळांनी, साध्या गल्लीतल्या पोरांनीही पाकिटं वाटली, त्यांचे उपकार कोणी विसरू नयेत. पण देणाऱ्यांचेच धंदे बसलेले असताना देणगी आटते, आणि ती नेमकी तेव्हाच आटते जेव्हा मागणारे वाढतात. शिवभोजन थाळी त्या काळात दहाची पाच रुपयांना झाली आणि १५ एप्रिल २०२१ पासून मोफत. एरवी पार्सल देत नाहीत, तेव्हा ते द्यायला लागले. १ ऑक्टोबर २०२१ ला ती पुन्हा दहा रुपयांवर आली.

आता या थाळीत खटकणारं. पहिली गोष्ट, माप. दीडशे ग्रॅम भात आणि दोन छोट्या चपात्यांवर माझं भागतं, हमालाचं भागत नाही. पोती उचलणारा माणूस ताट पुसून घेऊन पुन्हा रांगेकडे बघतो आणि बाहेर पडतो. हे मला दर वेळी पाहावत नाही. आणखी दोन चपात्या जादा पाच रुपयांत द्यायची सोय झाली तर तो आनंदाने देईल.

दुसरी, फोटो. प्रत्येक जेवणाऱ्याचा मोबाइल अ‍ॅपवर फोटो घेतात. खोट्या थाळ्या दाखवून अनुदान उचलू नये म्हणून ते आहे, हे मला कळतं, आणि हिशोबाच्या कामात असल्याने तपासणीला माझा विरोध असणार नाही. पण हातात ताट धरलेल्या माणसाला ‘‘जरा इकडे बघा’’ म्हणणं मला बरं वाटत नाही. काही बायका पदर पुढे ओढतात. दुसरा काही मार्ग शोधायलाच हवा.

तिसरी, वेळ. दुपारचे दोन तास, तेही कोटा संपेपर्यंत. रात्रीचं काही नाही. दवाखान्यात नातेवाईक रात्रीही असतात.

आणि चौथी सगळ्यात मोठी: पैसे वेळेवर न मिळणं. २०२५ मध्ये राज्यभरातल्या केंद्रचालकांची बिलं महिनोन्‌महिने थकल्याच्या बातम्या आल्या. आमच्या केंद्रातल्या बाईने मला किराणा दुकानाची वही दाखवली होती. उधारीवर तेल, उधारीवर डाळ. एकीने मंगळसूत्र गहाण टाकलं होतं. सरकारने कबूल केलेले चाळीस रुपये जेव्हा येत नाहीत तेव्हा ते त्या बायका भरतात. म्हणजे करातून चालायची ती मदत गरिबाच्या दागिन्यावर चालते. १९९५ साली एक रुपयात झुणका-भाकर आली होती, ती बंद पडली आणि कितीतरी केंद्रांच्या जागा भलत्याच धंद्यांना लागल्या. हिचंही तसंच होईल अशी भीती मला वाटते, आणि म्हणूनच मी एवढं लांबलचक लिहायला बसले. भाऊ म्हणतो, बघ, सरकारचं हे असं. मी त्याला म्हणते, देणगीदाराने हात आखडला तर तू कोणाला जाब विचारणार? इथे अर्थसंकल्पात आकडा असतो, आमदाराला प्रश्न विचारता येतो, आणि ज्याने दिले नाहीत त्याचं खातं कोणतं ते माहीत असतं.

गुण द्यायचे तर चवीला पाचपैकी साडेतीन, स्वच्छतेला तीन, प्रमाणाला दोन, बायांच्या वागणुकीला पूर्ण पाच. दाखला न मागता कोणालाही ताट मिळतं, यालाही पाच. वेळेवर बिलं न देणाऱ्या खात्याला शून्य.

ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी: बाराला सुरू होतं, साडेबाराच्या आत पोहोचा, एकनंतर भाजी संपत आलेली असते. सुट्टे दहा रुपये न्या, पाचशेची नोट दिली की बायांची पंचाईत होते. सोमवारी आणि बाजाराच्या दिवशी गर्दी जास्त. आपल्याला हॉटेलात जेवणं परवडत असेल तर त्या दिवशी रांगेत उभं राहू नये, कोटा ठरलेला असतो. आणि भात कच्चा लागला तर सांगा. बदलून देतात.